सरवदेबाईंचं क्रियापद

कुठल्याही कागदावर सही करण्याआधी मी त्यातलं क्रियापद शोधतो. बँकेतला अर्ज असो, नातवाच्या शाळेचं पत्रक असो, चष्मा कपाळावरून खाली ओढायचा आणि प्रत्येक वाक्याच्या शेपटाशी बोट न्यायचं. घरचे हसतात. मुलगा म्हणतो, "बाबा, वाचताय की उवा काढताय?" हसोत बापडे. ही खोड मला सरवदेबाईंनी लावली. ती लागायच्या आधी मी एका कागदावर जे क्रियापद लिहून बसलो होतो, त्याची लाज मला आजही वाटते. त्या एका क्रियापदापायी बाईंनी आपली नोकरी पणाला लावली होती आणि वस्तीतल्या चाळीसेक बायांचं पाणी त्याच्यावर अवलंबून होतं.

मैना सरवदे. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. शाळा म्हणजे येरमाळ्याच्या अलीकडं फाट्यावरून आत तीन मैलांवर, चार वर्ग आणि दोन शिक्षक. दुसरा शिक्षक मी. गावाचं नाव सांगत नाही, त्यातली बरीच माणसं अजून हिंडती-फिरती आहेत. बाईंचे वडील कुर्डुवाडीला रेल्वेत हमाल होते, म्हणून त्या शिकल्या. घर बौद्ध. राहायला गावाबाहेरच्या वस्तीत, शाळा गावात. मधलं अंतर चालत दहा मिनिटांचं होतं. बाकीचं अंतर किती होतं ते त्यांनी मोजलेलं होतं. ठेंगणा बांधा, पांढरं पातळ, काखेत छत्री. ऊन असो नसो, छत्री उघडलेली मी कधी पाहिली नाही. ती फळ्यावर दाखवायला आणि माझ्यासारख्यांवर रोखायला होती.

त्यांना क्रियापदांचं वेड होतं. नामांचं त्यांना विशेष काही नव्हतं. म्हणायच्या, "नाव कुणीही कुणालाही देतं. माणूस करतो काय, ते बघावं." खडूच्या रिकाम्या खोक्यांत त्यांच्या चिठ्ठ्या असायच्या. एका चिठ्ठीवर एक क्रियापद, त्याखाली अर्थ, त्याखाली ते कुणाच्या तोंडून ऐकलं त्याचं नाव आणि तळाशी मूळ. मूळ शोधायला सोलापूरहून जुन्या बाजारातून आणलेला, पुठ्ठे निघालेला एक शब्दकोश होता. जिथं मूळ लागत नसे तिथं त्या स्वच्छ अक्षरात लिहायच्या, 'अद्याप सापडले नाही.' ठोकून द्यायच्या नाहीत. आमच्याकडं निजामाच्या राज्यामुळं फारसी-अरबीची रेलचेल. बदलणे, खर्चणे, फर्मावणे ही सगळी बाहेरून आलेली क्रियापदं. त्यावर बाई एकदा वर्गात म्हणाल्या, "बघा पोरांनो, कुठून कुठून आली, पण मागं 'णे' लागला आणि घरची झाली. आता माणसाला मागं काय लावलं म्हणजे तो घरचा होतो, ते मला कुणीतरी सांगा." चौथीतली पोरं काय सांगणार. मी शेजारच्या वर्गातून ऐकलं आणि फळ्यावर पाढे लिहीत राहिलो.

एकदा तपासणीला साहेब आले. बाईंच्या वर्गातल्या एका मुलीनं निबंधात लिहिलं होतं, 'आईनं मला पुसलं, का गं रडतीस.' साहेबांनी 'पुसलं'वर लाल रेघ मारली आणि शेऱ्याच्या वहीत लिहिलं, 'विद्यार्थ्यांची भाषा अशुद्ध आहे. पुसणे फळा, विचारणे प्रश्न.' मला वाटलं, गेला आमचा दिवस. बाईंनी चिठ्ठ्यांचं खोकं आणलं आणि साहेबांसमोर दोन चिठ्ठ्या ठेवल्या. म्हणाल्या, "साहेब, ही दोन वेगवेगळी क्रियापदं आहेत. फळा पुसायचं संस्कृतातल्या 'प्रोञ्छ्'वरून आलं, आणि प्रश्न पुसायचं 'पृच्छ्'वरून. चालून चालून दोघांचे तळवे सारखेच झिजले, म्हणून दिसायला एक झाली. 'विचारणे' नंतरचं. आमची लेकरं जुनं बोलतात, तुम्ही नवं. यात अशुद्ध कोण?" साहेबांनी चहा अर्धा टाकला. ते गेल्यावर बाईंनी शेऱ्याची वही ओढली आणि साहेबांच्या शेऱ्याखाली लिहिलं, 'शेरा तपासला. चूक आढळली. म. सरवदे.' ती वही मी पुढची कितीतरी वर्षं कपाटात सांभाळली, कारण असा शेरा दुसऱ्या कुठल्या शाळेत असेल असं मला वाटत नाही.

त्यांचे यजमान वारले त्या वेळचीही गोष्ट सांगायला हवी. वस्तीत धर्म बदलला होता, पण म्हाताऱ्या बायांच्या सवयी एवढ्या लवकर कुठल्या बदलायला. दहाव्या दिवशी दोघीतिघी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाई, बांगड्या वाढवा आता." फोडा म्हणायचं नाही, अशुभ, आपल्याकडं नारळसुद्धा फोडत नाहीत, वाढवतात. बाईंनी डोळे पुसले. "वाढवा म्हणालाव न्हवं?" "व्हय माय." "बरं, वाढवते." आणि येरमाळ्याच्या बाजारातून दोन्ही हातांत दोन-दोन बांगड्या जास्तीच्या भरून आल्या. हिरव्या. गावात त्यावर आठवडाभर चघळणं चाललं. मी धीर करून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "शब्दाला जागले, सर. एवढाच माझा गुन्हा." बोलताना त्या बांगड्यांवरून बोट फिरवत होत्या, ते मी पाहिलं. बाई दगडाच्या होत्या असं कुणी समजू नये.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. वस्तीची विहीर पायऱ्यांची, खाली उतरून घागर बुडवायची; ती पौषातच कोरडी पडली. गावात पाणी राहिलं ते फक्त पारामागच्या मोठ्या विहिरीला. विहीर सरकारी, पण तिच्या भोवतीचं रान सोसायटीच्या चेअरमनचं, आणि रानाबरोबर विहीरही आपलीच असं चेअरमन धरून चालायचे. गावच्या बाया रहाटावर पोहरा सोडून पाणी शेंदायच्या. वस्तीच्या बाया खालच्या अंगाला घागरी मांडून बसायच्या. "वाढा वं माय, दोन पोहरे वाढा." गावातल्या कुणा बाईला दया आली, वेळ झाला, तर ती वरून त्यांच्या घागरीत ओतायची. नाही तर बसून राहायचं. पहाटे बसलेल्या बायकांना ऊन डोक्यावर आलं तरी पाणी नाही. तोवर दुष्काळी खडीच्या कामावरची हजेरी हुकायची. हे रोज होत होतं आणि मी रोज शाळेत जाताना ते बघत होतो. मी जमीनदार घरचा. माझी बायको शालन त्याच विहिरीवर पाणी शेंदत होती.

बाईंनी तहसीलला अर्ज केला, की सार्वजनिक विहिरीवर वस्तीला पाणी शेंदू दिलं जात नाही. चौकशीला तलाठी आले. चेअरमनच्या ओसरीवर कागद तयार झाला. माझं अक्षर चांगलं म्हणून लिहायला मला बसवलं. तलाठ्यांनी सांगितलं, मी लिहिलं: 'सदर विहिरीस पुरेसे पाणी असून गावातील सर्व वस्त्यांना पाणी मिळते. तक्रारीत तथ्य नाही.' वळणदार अक्षरात, शिरोरेघ ओढून. पंच म्हणून चेअरमननी सही केली, मी केली, आणि तक्रार मिटवायला तिसरी सही अर्जदाराची, म्हणजे बाईंचीच हवी म्हणून कागद घेऊन मीच शाळेत गेलो.

बाईंनी कागद वाचला. छत्रीचं टोक 'मिळते'वर ठेवलं.

"हे कुणी लिहिलं?"

"तलाठ्यांनी सांगितलं."

"अक्षर तुमचं आहे, सर."

मी म्हणालो, "बाई, खोटं तर नाही ना? उशिरा का होईना, पाणी मिळतंच की."

"मिळतं. पावसाळ्यात बेडकालाही मिळतं." त्या मोठ्यानं बोलत नव्हत्या. "या क्रियापदाला हात नाहीत. कोण देतं, कोण थांबवतं, कोण बसून राहतं, सगळं ह्यानं गिळलं. हा कागद असा गेला की माझ्या अर्जावर माती. मग पाऊस पडेपर्यंत बाया तिथंच बसणार. मी सही करणार नाही."

आणि त्यांनी समासात लिहिलं: 'मिळते हे क्रियापद मला मान्य नाही. वस्तीतील स्त्रिया पाणी शेंदत नाहीत. त्यांना पाणी वाढले जाते, तेही वाढणारीच्या मर्जीने.' संध्याकाळी चेअरमन शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. "बाई, एका शबुदापायी कशाला जीव काढायलाव? सही करा. न्हाय तर बदली परंड्याला. तिथनं घर गाठायचं म्हणजे लई हाल हायत." बाई म्हणाल्या, "परंड्यालाही विहिरी असतील, चेअरमन. तिथली क्रियापदं बघते."

व्याकरणावरून पंचनामा अडलाय हे ऐकून तहसीलदारांना गंमत वाटली असावी. चारच दिवसांनी त्यांची जीप पाराशी थांबली. तरुण माणूस, हसतमुख. सगळं गाव विहिरीवर गोळा झालं. ते म्हणाले, "बाई, घागर भरली म्हणजे पाणी मिळालं. शेंदलं काय आणि वाढलं काय, फरक काय पडतो?"

बाई म्हणाल्या, "साहेब, पंगतीत बसलेल्याला वाढतात आणि दारात उभ्या राहिलेल्या भिकाऱ्यालाही वाढतात. अन्न दोघांनाही मिळतं. तुम्हाला यातलं कुठं बसायला आवडेल?"

साहेबांचं हसू गेलं. बाई पुढं बोलत राहिल्या. "शेंदणं हे ज्याच्या हातात दोर त्याचं क्रियापद आहे. त्याचं मूळ मला अजून सापडलं नाही. पण या गावात ते आमच्या वाट्याला का आलं नाही, ते मला चांगलं ठाऊक आहे. कायदा झालाय म्हणतात. मग तो या विहिरीवर लागू होतो का, तेवढं बघून जा." त्यांनी छत्री माझ्या हातात दिली, चप्पल काढली आणि विहिरीच्या काठावर चढल्या. रहाटावर उभ्या असलेल्या बाया आपोआप मागं सरल्या. चेअरमन म्हणाले, "आरं, कुणीतरी आडवा की तिला." पण जीपमधला शिपाई उभा होता, साहेब उभे होते, कुणी हललं नाही.

बाईंनी पोहरा आत सोडला. आणि इथं एक झालं, ते आठवलं की मला हसूही येतं आणि लाजही वाटते. पोहरा पाण्यावर आडवा पडून तरंगत राहिला. बुडेचना. बाई दोर वर ओढताहेत, खाली सोडताहेत, पोहरा रिकामा तो रिकामा. 'शेंदणे' या क्रियापदाची चिठ्ठी ज्यांच्याकडं होती, त्यांनी आयुष्यात कधी पाणी शेंदलं नव्हतं. कुणी शेंदू दिलं होतं? गर्दीत एक-दोन जण खिदळले. बाईंच्या कानापर्यंत लाली चढली, पण दोर सुटला नाही.

तेवढ्यात मागून आवाज आला, "बाई, दोर हिसडा वाईच. एका अंगाला. मंग बुडतोय पोहरा."

ती माझी शालन होती. मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं बघितलं नाही. सासुरवाशीण, डोक्यावर पदर, गावासमोर तोंड उघडायची पहिलीच खेप. मी छत्री धरून उभा होतो. तो कागद माझ्या अक्षरातला होता आणि बोलली ती.

बाईंनी दोर हिसडला. पोहरा कलला, गटकन बुडाला. त्यांनी तो हातावर हात टाकत वर ओढला, अर्धं पाणी पायावर सांडलं, उरलेलं वस्तीतल्या रुक्मिणीच्या घागरीत ओतलं. मग पोहरा तिच्या हातात दिला. "आता तू. मी वाढणार नाही." रुक्मिणीनं पदर खोचला. तिनं शेंदलं. तिच्यामागून तिच्या जावेनं. मग बाया घागरी घेऊन उठल्याच.

साहेबांनी तलाठ्याला तिथंच कागद दुरुस्त करायला लावला. 'मिळते' खोडून 'सर्व स्त्रिया पाणी शेंदतात' असं लिहिलं आणि पेन बाईंपुढं धरलं. "आता तर खूश?" कुणालाही वाटेल, जिंकल्या, करतील सही. बाईंनी वाचलं आणि मान हलवली. "साहेब, 'शेंदतात' म्हणजे रोज. आज शेंदलं ते तुमच्या जीपसमोर. आज 'शेंदले' एवढंच खरं आहे. तेवढं लिहा, करते सही. 'शेंदतात' लिहायचं झालं की मी कळवीन." साहेबांनी पेन मागं घेतलं. मग त्यांनी स्वतःच्या हातानं 'आज रोजी शेंदले' असं लिहिलं, आणि बाईंनी सही केली.

दुसऱ्या दिवसापासून शाळा भरायच्या आधी बाई विहिरीवर. शेवटची घागर भरेपर्यंत काठावर उभ्या, काखेत छत्री. पहिल्या आठवड्यात दोर कापलेला सापडला. दुसरा आणला. एकदा पोहरा गायब. रुक्मिणीच्या नवऱ्यानं डबा ठोकून दुसरा केला. गावातल्या काही घरांनी त्या विहिरीचं पाणी सोडलं आणि दोन मैलांवरून आणायला लागली. बाई म्हणाल्या, "आणू द्या. पायांना व्यायाम." माझ्या आईनं शालनशी महिनाभर अबोला धरला. शालननं विहीर बदलली नाही. मृगाला ढग आले तेव्हा बाईंनी तहसीलला एका ओळीचं पत्र पाठवलं: 'वस्तीतील स्त्रिया पाणी शेंदतात.' ती ओळ त्यांनी मला लिहायला सांगितली. माझं अक्षर चांगलं होतं म्हणून, असं त्या म्हणाल्या. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

त्याच महिन्यात परंड्याची बदली आली. खडूची खोकी पोत्यात भरून त्या गेल्या.

त्यांची-माझी शेवटची भेट बारा-तेरा वर्षांनी झाली. मी तेव्हा त्याच शाळेचा मुख्याध्यापक झालो होतो आणि गावच्या पाणी समितीचा सचिवही. तेरला शिक्षकांचं शिबिर होतं. बाईंच्या नोकरीचं शेवटचं वर्ष तिथल्या शाळेत चाललं होतं. केस पांढरे, गुडघे दुखरे, आवाज तसाच. दुपारच्या सुट्टीत आम्ही व्हरांड्यात बसलो. मी हौसेनं सांगितलं, "बाई, आता विहिरीवर कुणीच जात नाही. सोसायटीनं पुढाकार घेतला, नळयोजना झाली. वस्तीतसुद्धा नळ गेलाय."

"अरे वा. पाणी कधी येतं?"

"सोडतात तेव्हा येतं."

त्या माझ्याकडं वळल्या. मग म्हणाल्या, "ठराव कुणी लिहिला?"

मी मान खाली घातली. ठराव माझ्याच अक्षरात होता: 'वस्तीस आवश्यकतेनुसार पाणी सोडण्यात येईल.'

"सोडण्यात येईल," बाई म्हणाल्या. "ज्यानं धरून ठेवलेलं असतं, तोच सोडतो, सर. किती दिवसांनी सोडतात?"

"चार... कधी आठ. व्हॉल्व्हची चावी चेअरमनच्या घरी असते."

"येरमाळ्याची गाडी किती वाजता आहे?"

मला वाटलं, रागावून विचारताहेत. त्यांनी खरंच पर्स उचलली. शिबिर अर्ध्यावर टाकून आम्ही दोघं एसटीत बसलो. फाट्यावर उतरून तीन मैल त्या चालल्या, गुडघ्यांसकट. आधी वस्तीत गेल्या. रुक्मिणीनं ओळखलं, ओरडली, गळ्यात पडली. काय झालंय ते बाईंनी दोन वाक्यांत सांगितलं. रुक्मिणीनं रिकामी घागर उचलली, मग आणखी चार-पाच जणींनी उचलली, आणि आम्ही चेअरमनच्या दाराशी गेलो. त्या दारातून वस्तीतलं कुणी कधी आत गेलेलं नव्हतं. ओसरीच्या पलीकडं, आतल्या खुंटीला टांगलेली लांब दांड्याची चावी बाहेरून दिसत होती.

चेअरमन आता काठी टेकत चालायचे. त्यांनी आधी बाईंना पाहिलं, मग मागच्या घागरी पाहिल्या.

"बाई? लई दिसानं. काय, चावी मागायला आलाव व्हय?"

"मागायला न्हाय, चेअरमन," बाई म्हणाल्या. "न्यायला आले."

त्यांनी पायरीवर चप्पल काढली, दोन्ही नीट जोडून ठेवल्या, आणि उंबरा ओलांडून आत गेल्या.